मण्यांना आलेली जांभई

आईशप्पथ, शंभर टक्के खरी गोष्ट आहे. म्हणजे नव्वद धर. बरेच दिवस झोपलो नाहीये, थोडं इकडचं तिकडे झालं असेल.

लॅबमधलं माझं काम साधं. जेलीचे मणी असतात, टाचणीच्या डोक्याएवढे. त्यांच्या आत मेंदूच्या मूळपेशी वाढतात. रोज दुपारी त्यांचं जुनं गुलाबी पाणी काढायचं, नवं घालायचं. झालं त्यांचं जेवण. पेशी माझ्याच कातडीपासून बनवलेल्या. आमची सीनियर ताई म्हणाली होती, तुझी जाड आहे, कमी पडणार नाही.

त्या दुपारी माझंच जेवण अंगावर आलं होतं. मास्क हनुवटीवर. मण्यांची डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि जांभई आली, चांगली लांबलचक. डोळे पुसून बघतो, तर एका मण्याला बारीक फट पडली. उघडली... मिटली. मग शेजारच्याला. मग त्याच्या शेजारच्याला... अख्खी डिश.

तेव्हापासून माझा डोळा लागेना. डॉक्टर म्हणाले चहा सोड. सोडला. आता चहाही नाही आणि झोपही नाही.

शेवटी ताईला सांगितलं. ती हसली, बघायला वाकली, आणि बघता बघता तिनं जांभई दिली. मी स्टुलावर बसल्या बसल्या गार. उठलो ते दुसऱ्या दिवशी. ताई तिथेच होती, डोळे टक्क उघडे.

आठवडाभर सोसलं तिनं. मग एकदा मला हाक मारली, डिशचं झाकण काढलं आणि माझ्या तोंडासमोर सावकाश जांभई दिली. समोरच्यानं दिली की आपल्याला आवरते का... मलाही आली.

"तुझं तुला लखलाभ रे बाबा," म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून झोपली.

मग मी मणी ट्यूबमध्ये घालून घरी आणले. आई रोज सकाळी कुरकुरते, तुझ्या खोलीतून रात्रभर घोरणं येतं म्हणून. मी रात्रभर स्वयंपाकघरात बसलेला असतो. खोलीत फक्त ही ट्यूब असते.

घे, कानाला लाव. हळू... येतोय ना आवाज?

आता गोष्ट काही फुकट नाही हां. पैसे नकोत. मघापासून ओठ दाबून बसलायस, दिसतंय मला. झाकण काढलंय मी.

बघ, तू नुसता श्वास घेतलास, आणि आत कुणीतरी कूस बदलली...

दे. मोठी दे.