अर्धा इंच

तीन महिन्यांत दिनानाथाने गाडीच्या उजव्या अंगाचे कमानपाटे दोनदा बदलले. दोन्ही वेळा तो चालकाच्या जागेवर बसला की गाडी पाऊण इंच खाली यायला हवी होती, आणि दोन्ही वेळा ती सव्वा इंच खाली आली.

ही मोजणी मुरूडला, मोरू लोहाराच्या पडवीत झाली. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा ठोकणारा मोरू गरज पडली तर मोटारीलाही हात लावी. दिनानाथ आत बसे आणि मोरू चाकाच्या माथ्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत लाकडी फूटपट्टी धरी. आकडा तो मोठ्याने सांगे. दिनानाथ तो वहीत उतरवी. वहीला चार रकाने होते : तारीख, स्थिती, खचणे, कारण. चौथ्या रकान्यात आतापर्यंत 'पाटा जुना', 'पाटा सदोष' आणि 'चाकात हवा कमी' अशी तीन कारणे लिहून खोडलेली होती.

"मास्तर, पाटा मी बदलला, आता गाडी बदला," मोरू म्हणाला. "न्हायतर जेवण कमी करा."

"माझे वजन एकशे बेचाळीस पौंड आहे. नोकरीला लागताना केलेले."

"तवा तुम्ही पोरगेले होता."

"तेव्हाचीच विजार आजही घालतो."

मोरू हसला. विजार खरोखरच तेव्हाची होती, आणि कमरेला सैल झालेली होती.

दिनानाथ मुरूडच्या हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवी. पाट्याचे खचणे भाराच्या प्रमाणात असते, हे तो दरवर्षी फळ्यावर सिद्ध करून दाखवी. त्या हिशेबाने वरचा अर्धा इंच म्हणजे सुमारे शंभर पौंड. एका सडपातळ माणसाएवढे. हा आकडा त्याने वहीच्या समासात लिहिला आणि पान उलटले.

ही गाडी त्याने १९५९ च्या जानेवारीत माणगावहून आणली होती. मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला रावजीचे गॅरेज होते. त्यामागे करंजाच्या झाडाखाली ती दोन वर्षे उभी होती. दोन दरवाजे, दोन आसने, मागे उतरत गेलेले छप्पर, जमिनीपासून वीतभर उंचीवर पोट. मूळचा मालक मुंबईचा कोणी शौकीन माणूस. तो विलायतेला गेला आणि गाडी मागे राहिली. रंग एकेकाळी लाल असावा.

"स्पोर्ट्स कूपे म्हणतात हिला," रावजी म्हणाला. "लग्न झालेल्याला पुरत न्हाय आन् न झालेल्याला परवडत न्हाय. म्हणून तर स्वस्तात देतोय. मास्तर, चार माणसांची घ्या की. घरची मंडळी कुठं बसवणार?"

"मला दोनच आसने लागतात," दिनानाथ म्हणाला.

त्याने इंजिन ऐकले, तेल बोटांवर घेऊन चोळून पाहिले, चारही पाटे तपासले. पाट्यांत दोष नव्हता.

दोन आसनांपैकी दुसरे नलूसाठी होते. नलू त्याची मुलगी, आठ वर्षांची. ती खाडीपलीकडे दिघीला आजीकडे, आवडाबाईंकडे, राही. तीन वर्षांपूर्वी, १९५६ च्या फेब्रुवारीत, नलूची आई कमळ दिघीला माहेरी असताना तिच्या पोटात दुखू लागले. दुसऱ्या दिवशी ताप चढला. दिनानाथ तिला होडीतून आगरदांड्याला घेऊन आला. तेथून मुरूडचे डॉक्टर पाच मैलांवर. होडी किनाऱ्याशी पोचली तेव्हा ओहोटी लागलेली होती आणि मध्ये साठ पावले चिखल होता. उतारूंना पाठकुळी घेऊन चिखल पार करवणे हे धक्क्यावरच्या कोळ्यांचे रोजचे काम, पण त्या दिवशी होडी चालवणारा हिरामण तांडेल एकटाच होता आणि त्याला होडी धरून ठेवणे भाग होते. कमळला दिनानाथाने स्वतः पाठीवर घेतले. काठावर आणून चटईवर निजवले. बैलगाडी दीड तासाने आली, मुरूडला पोचायला आणखी तास लागला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि सांगितले की, प्राण जाऊन दोन-अडीच तास झाले असावेत. दिनानाथाने मनात गणित केले. उत्तर चिखलातल्या साठ पावलांत येत होते.

बाराव्या दिवशी आवडाबाई म्हणाल्या होत्या, "जावईबापू, तुमच्या दारात गाडी उभी ऱ्हाईल त्या दिवशी पोर घेऊन जा. तवर न्हाय."

त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. दिनानाथाने वाद घातला नाही. तीन वर्षे तो शाळेत गेला, शिकवले, परत आला. दुःख झाल्याचे त्याला आठवत नव्हते. शरीरात कोठेतरी भूल दिल्यासारखे वाटे, आणि भूल उतरत नसे. खांदे दुखत. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. चपलांचे तळ चार महिन्यांत जात, पूर्वी वर्षभर टिकत. आरामखुर्चीचे कापड दोनदा फाटले. मुरूडच्या पुळणीवरून फिरून परतताना त्याला आपल्या पावलांचे ठसे इतरांच्या ठशांहून खोल दिसत. वाळूचा ओलावा जागोजाग वेगळा असतो, अशी त्याने त्याची संगती लावली होती.

एप्रिलमध्ये आवडाबाईंचा निरोप आला. मुलाला मुंबईला गिरणीत काम मिळाले आहे, रविवारी तो बिऱ्हाड हलवतो आहे, नलूलाही शाळेसाठी घेऊन जातो आहे. गाडी घेतलीत असे ऐकते. न्यायची असेल तर शनिवारी न्या, नंतर पोर मुंबईची झाली.

शनिवारी सकाळची शाळा सोडून दिनानाथ गाडी घेऊन आगरदांड्याला गेला. हिरामणाने दोन होड्या शेजारी बांधून त्यांवर फळ्या अंथरलेल्या होत्या. मोटार आली की खाडी अशीच पार करवत. धक्क्यावरून दोन जाड फळ्या होडीवर उतरत्या लावत आणि चालक गाडी हळूहळू खाली घेई. होडी पाण्यावर असेतो त्याने ब्रेक दाबून जागेवरच बसायचे, हा हिरामणाचा नियम होता. फळ्यांच्या माथ्यावर गाडीचे पोट घासले. जानेवारीत गाडी माणगावहून याच वाटेने आणतानाही घासले होते. भरती चांगली चढलेली होती, उतार कमी होता. गाडी कशीबशी उतरली.

आवडाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"दोघांचीच?"

"दोघेच आहोत."

त्या गाडीकडे पाहायच्या थांबल्या. "किती वाकलात हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "दारात या. पाणी तरी घ्या."

नलू पत्र्याची पेटी घेऊन उंबऱ्यात उभी होती. केस घट्ट वेणीत बांधलेले. तिने बापाकडे पाहिले. नजर त्याच्या चेहऱ्यावर थांबली नाही, थोडी वर जाऊन स्थिरावली. मग तिने विचारले, "बाबा, तुम्ही दमत नाही का?"

"नाही. गाडीने आलो."

नलूने मान डोलावली.

दिघीच्या धक्क्यावर ते पोचले तेव्हा भरती थांबलेली होती. हिरामण म्हणाला, पाणी फिरायला अर्धा तास आहे. दिनानाथ चालकाच्या जागी बसला, नलू शेजारी. त्याने गाडी फळ्यांवर घेतली. पुढची चाके उतरली आणि पोट फळीच्या माथ्यावर टेकले. मागची चाके जागच्या जागी फिरली. गाडी ना पुढे जाईना, ना मागे.

हिरामण वाकून खाली बघत होता. "टेकलंय. नखभर पायजे. पोरीला उतरवा."

नलू उतरली. गाडी तशीच अडकून राहिली. हवा काढून पाहिली, भरून पाहिली, दगडाने फळीची कड ठोकून पाहिली. पाऊण तास गेला. पाणी फिरले. शेवटी हिरामण म्हणाला, "मास्तर, तुम्ही उतरा. ब्रेक दाबायचा तेवढा मी दाबतो. गाडीला मागून रेटा."

हिरामण अंगाने पिंपासारखा होता. दिनानाथाच्या सव्वापट तरी भरला असता. तो चालकाच्या जागी बसला आणि त्याने नलूलाही शेजारी बसवले. दिनानाथाने सवयीने गाडीतली फूटपट्टी काढून चाकावर लावली.

एक इंच.

त्याने पट्टी काढली आणि पुन्हा लावली. एक इंच. स्वतः बसला होता तेव्हा सव्वा. त्याने मागून हात लावला. गाडी फळ्यांवरून अलगद होडीत उतरली, पोट कोठेही टेकले नाही.

दिनानाथ धक्क्यावर उभा राहिला. तीन महिने त्याने पाटे बदलले होते, हवा मोजली होती, रस्त्याचा चढउतार वजा केला होता. एक राशी त्याने कधी मोजली नव्हती. ती स्थिर आहे असे धरले होते. एकशे बेचाळीस पौंड.

वारा पडला होता; खाडीच्या मध्यावर यायलाच होडीला तास लागला. नलू गाडीत बसून स्टिअरिंगचे चाक इकडेतिकडे फिरवीत होती. या वेळी हिरामणाने चाकांना ओंडके लावले होते आणि सुकाणू धरून तो दिनानाथाकडे बघत होता.

"मास्तर, एक इचारू?"

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही वैनींना काठावर नेलंत. मी होडीवरून वरडलो होतो. आठवतंय?"

"काहीतरी ओरडलास. ऐकू आले नाही." मग तो खरे बोलला. "ऐकू आले होते. 'इचारा' म्हणालास. मला वाटले, तुम्हा लोकांची काही रीत असेल."

"रीत न्हाय, कामाची गोष्ट हाय. चिखलात पाय बधिर व्हतात. वझं उतरलं का न्हाय ते अंगाला कळत न्हाय. म्हणून उतरवताना इचारायचं, उतरलात? त्यानं म्हणायचं, उतरलो. तवर कंबर सरळ करायची न्हाय."

"आणि उत्तर आले नाही तर?"

हिरामणाने सुकाणू थोडे वळवले. "आमच्या घरात तीन पिढ्या हे काम करतायत. उत्तर आलं न्हाय असं कधी झालं न्हाय. इचारलंच न्हाय असं एकदाच झालंय."

आगरदांड्याला पाणी बरेच मागे गेलेले होते. होडी धक्क्याला लागणे शक्य नव्हते. गाडी रात्रीच्या भरतीपर्यंत होडीतच राहील असे हिरामण म्हणाला. माणसांना चिखलातून जावे लागेल. त्याने पाठ वाकवून नलूला हाक मारली.

"मी नेतो," दिनानाथ म्हणाला.

त्याने विजार गुडघ्यांवर दुमडली, नलूला पाठकुळी घेतले आणि चिखलात पाय टाकला. पाय पोटरीपर्यंत रुतले. दहाव्या पावलाला घोटे बधिर झाले. विसाव्याला गुडघे. त्याने पावले मोजली, कारण मोजणे त्याला येत होते.

नलूचे हात त्याच्या गळ्याभोवती नव्हते. ती त्याच्या कमरेच्या पट्ट्याला धरून होती, खूप खाली.

"वर सरक," तो म्हणाला.

"वर जागा नाही," नलू म्हणाली.

साठ पावले झाली. घट्ट ओली वाळू लागली. तो वाकला.

"नलू, उतरलीस?"

"उतरले."

त्याला तिची पावले वाळूत वाजलेली ऐकू आली. ती वळसा घालून समोर आली. पत्र्याची पेटी गाडीतच राहिली होती.

दिनानाथाने कंबर सरळ केली नाही.

मागे होडीवर हिरामण उभा होता. त्या दिवसासारखा तो ओरडला नाही.

दिनानाथ वाकलेलाच राहिला. जमिनीवर त्याला आपले दोन ठसे दिसत होते. त्यांत पाणी भरत होते. मग तो बोलला. आवाज वर्गात असतो तसाच होता.

"कमळ, उतरलीस?"

वारा नव्हता. नलू त्याच्या खांद्यावरून पाहत होती, उंबऱ्यात पाहिले होते तसे. तिने ऐकून घेतले, मग बापाकडे पाहिले.

"नाही म्हणते," ती म्हणाली.

तो तसाच काठावरच्या दगडापर्यंत गेला आणि बसला. नलू त्याच्या शेजारी बसली, मध्ये थोडे अंतर ठेवून. त्याने सदऱ्याच्या खिशातून वही काढली, पेन्सिलीला टोक आहे ना ते पाहिले आणि चारही रकाने भरले.

तारीख : १८ एप्रिल १९५९. स्थिती : चालक स्वतः. खचणे : सव्वा इंच, पैकी अर्धा इंच अधिक. कारण : गाडीत दोष नाही. फेब्रुवारी १९५६ मध्ये पाठीवरून आणलेली व्यक्ती अद्याप उतरलेली नाही.