घामेजलेली पोती

"अय्यो, इकडे या गं! पोत्याला घाम फुटलाय!" सूतरंगाईच्या कारखान्यातल्या गोदामातून किरणकुमार ओरडला. सुट्टीसाठी सरगूरहून आलेल्या या पोराला नको तिथे नाक खुपसायची भारी हौस!

त्याची मामेबहीण स्पंदना जागची हलली नाही. चार दिवस झाले, तिला ना हसू येत होतं ना रडू. तिचे अज्जा, म्हणजे आजोबा, खंडोजीराव मैसूरच्या या कारखान्यात चाळीस वर्षं सूत रंगवत होते. पण महिनाभर त्यांचा निळा रंग फिकाच उतरत होता. "अज्जांचा हात गेला. सोमवारपासून दुसरा रंगारी," असं मालक सत्यनारायण म्हणाले. स्पंदनालाही ते खरंच वाटलं होतं! "राहू द्या आता, अज्जा," असं तीच म्हणाली होती. तेव्हापासून ती अशी बधिर झाली होती.

"चल ना, दगडी मारुतीसारखी काय बसलीस!" शेजारच्या श्रीविद्यानं तिला ओढत नेलं.

पोत्यांत सोडियम सल्फेट होतं. रंग पाण्यातून हाकलून सुतात बसवणारं मीठ! मालक ते स्वतः तोलून, पाण्यात विरघळवूनच अज्जांना देत. तशी इथली पद्धतच होती. मे महिन्याच्या उकाड्यात पोत्यांखाली डबकं साचलं होतं.

"छप्पर गळतंय?"

"पाऊस कुठाय, शहाण्या?" श्रीविद्यानं किरणला टपली मारली.

कोपऱ्यात एक जुनं पोतं होतं. त्यावर नाव तेच, पण आत कोरडी पूड! नव्या पोत्यांत मात्र काचेसारखे खडे.

"राजस्थानातल्या खाऱ्या सरोवरांतून हे खडेच निघतात," श्रीविद्या म्हणाली. "पाणी त्यांच्या आतच असतं. ते तापवून घालवलं की पूड होते. साबणाच्या पावडरीतही हेच घालतात. आमच्या मॅडमनी सांगितलंय!"

"किती पाणी असतं?" स्पंदनानं कोरड्या आवाजात विचारलं.

घरी त्यांनी शंभर ग्रॅम खडे तव्यावर टाकले. ते आपल्याच पाण्यात विरघळले, रटरटले आणि शेवटी पांढरी पूड उरली. तिघांनी ती तोलली. चव्वेचाळीस ग्रॅम!

"म्हणजे दहा किलोत साडेपाच किलोहून जास्त नुसतं पाणी! मीठ कमी पडलं, म्हणूनच रंग फिका!" किरण उडालाच. स्पंदनाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मुलांनी कारखान्यात नेलेला तवा मालकांनी पाहिला आणि कपाळावर हात मारला. "नाव तेच, वजन तेच! स्वस्त मिळालं म्हणून मी बघितलंच नाही!"

सोमवारी पुरेसं मीठ घालून अज्जांनीच रंग केला. सूत गडद निळं निघालं! "शाबास, पोरांनो!" म्हणत मालकांनी अज्जांपुढे हात जोडले. "चूक माझी होती."

अज्जा सूत पिळत स्पंदनाला म्हणाले, "मलासुद्धा वाटलं होतं गं, हात गेला म्हणून."

"मला पण वाटलं होतं, अज्जा."

"ठाऊक आहे मला. ये, हे दुसरं टोक धर."

तिनं टोक धरलं, आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम फुटलं.