पोराले सांगू नका

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला कोणाशी वाद घालायचा नाही. पण यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही.

मागच्या डिसेंबरची गोष्ट. पंचवीस तारीख, गुरुवार, नाताळचा दिवस. गाव रिसोड तालुक्यातलं केनवड. वेळ दिवेलागणीची. म्हणजे आपल्याकडे दिवेलागण, अन् तिकडे कॅनडात नुकतं उजाडायला आलेलं.

ज्या घरात हे घडलं त्या घरची प्रयागबाई माझी सख्खी मावशी. जे तिनं सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

तिचे मालक दौलतराव, माझे मावसाजी, नाताळच्या पाच दिवस आधी गेले. चांगला धडधाकट माणूस हो! आदल्या आठवड्यात तुरीच्या वावरात उभा होता. छातीत दुखतं म्हणून वाशीमला नेलं, एक रात्र काढली, अन् शनिवारी सकाळी खेळ खलास.

पण जाताना शुद्धीवर होते. प्रयागबाईला अन् आपल्या धाकट्या भावाला, जगदेवला, जवळ बोलावलं.

"पोराले सांगू नका."

"आवो, असं काहून म्हणता..."

"नोको म्हणलं ना. तो येईन पयत पयत. ते पोरगी तिकडे एकटी पडीन. तिचं सुखरूप होऊ द्या आधी. बाकीचं मी पाह्यतो."

बाकीचं मी पाह्यतो.

मरणारा माणूस बाकीचं काय पाहणार? तेव्हा कोणीच विचार केला नाही.

पोरगा म्हणजे शिवम. एकुलता एक. चार वर्षांपासून कॅनडात. बायको वैभवी आठव्या महिन्यात. आधीची दोन पोटातच गेलेली. बीपी वाढलेलं, डॉक्टरनं पलंगावरून उठू नको म्हणून बजावलेलं. ना माय जवळ, ना सासू. अशा पोरीच्या कानावर ही बातमी घालायची कशी?

नाही घातली.

चितेला अग्नी जगदेवच्या पोरानं दिला. पोटचा पोरगा जिवंत असून! प्रयागबाईच्या काळजाला ते फार लागलं. स्टँडवर श्रद्धांजलीचा बॅनर लागू दिला नाही. मोबाईलवर स्टेटस ठेवू नका म्हणून जगदेव गावातल्या पोरांच्या हातापाया पडला. अख्ख्या गावानं तोंड शिवून घेतलं. खरंच, गाव असावं तर असं.

शिवमला सांगितलं, बाबांचा घसा बसला, डॉक्टरनं बोलायची मनाई केली. त्यानं मानलं.

पहिली खूण मंगळवारी दुपारी झाली.

रिसोडहून पार्सलवाला आला. कॅनडाचा खोका. जगदेवची बायको निता दारात गेली. त्यानं खोका दिला, मोबाईलवर सही घेतली, अन् जाता जाता म्हणाला,

"काकांनीच सांगितलं, आत द्या म्हणून."

"कोणत्या काकांनी?"

"हे काय, ओट्यावर बसले ना. सुपारी कातरत..."

त्यानं मागे वळून बोट दाखवलं.

ओटा रिकामा होता.

"आत्ता तर होते," तो म्हणाला. डोकं खाजवलं अन् गाडीला किक मारून गेला.

निता दारातच खाली बसली. दौलतरावांना सुपारीचं भारी वेड. दिवसभर अडकित्ता हातात. कट्... कट्... तो आवाज आला की घर समजायचं, मालक ओट्यावर आहेत. पण तो अडकित्ता आता पेटीत होता. पेटीला कुलूप, अन् किल्ली प्रयागबाईच्या कंबरेला.

प्रयागबाई म्हणाली, "दुसरं कोणी बसलं असन." अन् विषय तिथंच संपवला.

आता त्या खोक्याचं सांगतो. आपल्या घरात कुठला आलाय नाताळ! पण तिकडे गुडघाभर बर्फ, गल्लीतल्या घराघरात पाहुण्यांची गर्दी, अन् यांच्या दारात काळं कुत्रं फिरकत नव्हतं. वैभवीच्या जिवाला ते लागायचं. ती शिवमला म्हणाली, यंदा आपणही करू, घरच्यांना फोनवर बसवून करू. हातभर झाड आणलं. प्रयागबाईनं विणून दिलेलं लोकरीचं तोरण त्याच्याभोवती गुंडाळलं. सासू-सासऱ्यांसाठी खोका दीड महिना आधीच पाठवून दिला अन् वैभवीनं फोनवर बजावलं,

"आई, पंचवीस तारखेले आमी आमचं उघडू, तुमी तुमचं उघडा. एकाच टाइमाले. अन् बाबा समोर पाह्यजेत हं!"

बाबा समोर पाहिजेत. आता बाबा आणायचे कुठून?

गुरुवारी संध्याकाळी प्रयागबाईनं कुंकवाचा करंडा काढला.

पाच दिवसांपूर्वी पुसलेलं कुंकू. पोरीला शंका येऊ नये म्हणून पुन्हा लावायचं. टिकली वाकडी झाली. पुसली, पुन्हा लावली. हात भुंडे दिसतील म्हणून नितानं आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या.

"घाला, बाई."

"तुह्या हातातल्या? अपशकुन होईन वं."

"होऊ द्या. त्या पोरीसाठी घाला."

दोघी जावा गळ्यात पडून रडल्या. मग प्रयागबाईनं तोंड धुतलं, कुंकू तिसऱ्यांदा लावलं, अन् तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला. तिच्या मागे भिंतीशी दौलतरावांची लाकडी खुर्ची. रिकामी. जगदेव अन् निता मोबाईलमध्ये दिसणार नाहीत असे बाजूला उभे.

फोन आला. झाड, झाडावरचे लुकलुक दिवे, शिवम अन् उशांना टेकून बसलेली वैभवी.

"आई! बाबा कुठी आहेत?"

"वावरात गेले, बाबू. तूर पडून आहे ना..."

शिवम हसला.

"काहून लबाड बोलून राह्यली?... तुह्या मागंच तर उभे आहेत."



प्रयागबाईनं मान वळवली.

खुर्ची. भिंत. बल्ब.

कोणी नाही.

"बाबा, घसा कसा आहे?" शिवम विचारत होता. तिच्याकडे पाहत नव्हता... तिच्या खांद्यावरून मागे पाहत होता. "बोलू नका, बोलू नका. नुसती मान हालवा. हां."

जगदेव अन् निता त्याच जागेकडे डोळे फाडून बघत होते. दोघांनाही काही दिसत नव्हतं.

मग वैभवीनं डोळे पुसले.

"आई, तो आवाज... बाबांचा अडकित्ता. कट्, कट्. किती दिवसांनी ऐकला! घरीच बसलो आहो असं वाटते."

इकडे घरात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं.

"चला, उघडा आता खोका!"

प्रयागबाईनं कसाबसा खोका फोडला. वर तिची शाल. खाली लाल स्वेटर, त्यावर पांढरी हरणं विणलेली, बाजूला दोन खिसे.

"द्या ना त्यायले, आई. हात तर पुढं करून राह्यले ते."

प्रयागबाईनं मागे पाहिलं नाही. धीरच झाला नाही. तशीच बसल्या बसल्या तिनं स्वेटर खांद्यावरून मागे धरला...

अन् कोणीतरी तो हळूच तिच्या हातातून घेतला.

ओढला नाही. रोज आंघोळीनंतर तिच्या हातातून पंचा घ्यायचे ना, तसा घेतला.

"अय्या बाबा, काय शोभून राह्यला!" वैभवी टाळ्या वाजवत होती.

फोन बंद झाल्यावर प्रयागबाईनं मागे पाहिलं. स्वेटर खुर्चीवर होता. घडी मोडलेली. नितानं भीत भीत उचलला, तर खिशात काहीतरी हाताला लागलं.

सुपारीची चार खांडं. ताजी कातरलेली.

दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या प्रयागबाई एकदम म्हणाली,

"निता, मले समजलं. ज्यायले मालूम नाही ना, त्यायलेच ते दिसते. पार्सलवाल्याले मालूम नव्हतं. पोरायले मालूम नाही. आपल्याले मालूम आहे."

अन् मग तिचा बांध फुटला.

"चाळीस वर्सं भाकरी म्या थापल्या बाप्पा! अन् मलेच दिसत नाही!"

भीती? भीती त्या घरात कोणालाच वाटत नव्हती. भीती परवडली असती.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी कुंकू लावायची, बांगड्या चढवायची अन् शिवमला फोन लावायची. कारण एकच. जे तिला दिसत नव्हतं, ते पोराच्या डोळ्यांनी बघायचं.

"काय करून राह्यले रे तुहे बाबा?"

"बसले ना तुह्या बाजूले. आई, तुमचं भांडण झालं का?"

"इचार त्यायले, जेवले का?"

"तूच इचार ना!"

"माह्याशी नाही बोलत ते."

शिवमला वाटायचं, म्हातारा-म्हातारीचा रुसवा आहे. तो हसायचा. हीसुद्धा हसायची.

नऊ जानेवारीला वैभवी सुखरूप सुटली. मुलगी झाली. जगदेवनं दोन दिवस वाट पाहिली, मग हात जोडले.

"वैनी, आता लपवनं पाप आहे. पोरानं बापाले पाणी पाजलं नाही. दादाचा शब्द पुरा झाला."

तिलाही पटत होतं. पण सांगितलं की संपलं. ज्या एका जागी ते अजून होते, ती जागा तिच्याच हातानं मोडायची होती. आणखी एक दिवस, आणखी एक दिवस, असं करता करता तिनं तीन दिवस काढले.

चौथ्या दिवशी फोन लावला. शिवम खोलीत एकटाच होता.

"बाबू, आता कुठी आहेत रे ते?"

"हे काय, खुर्चीत. स्वेटर घालून. तुह्याकडेच पाह्यून राह्यले."

"माह्याकडे?"

"हो ना. हसून राह्यले."

ती पूर्ण वळली. रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसली. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकलेला. तिनं त्या जागेवर डोळे भरून पाहिलं, जिथं काहीच नव्हतं. मग हळूच म्हणाली,

"जातो म्हणू नका. येतो म्हणा."

"कुठी चालले बाबा?" शिवमनं विचारलं.

प्रयागबाई फोनकडे वळली.

"बाबू... तुहे बाबा वीस तारखेलेच गेले रे. नाताळाच्या पयले. त्यायनंच सांगतलं होतं, पोराले सांगू नका."

शिवमचे डोळे तिच्या खांद्यामागे लागलेले होते. ते तिथंच थांबले... मग डावीकडे गेले... उजवीकडे गेले. मेळ्यात बापाचं बोट सुटलेल्या लेकरासारखे ते शोधत राहिले.

"आई... आत्ता होते. आई, आत्ता इथंच होते!"

मग तो ओरडला. ते ओरडणं मावशीच्या कानातून अजून गेलेलं नाही. बाकीच्यांचे बाप एकदा मरतात. त्या पोरानं बापाला डोळ्यांदेखत विरताना पाहिलं.

जानेवारीच्या अखेरीला तो येऊन गेला. डोकं भादरलं, जे विधी राहिले होते ते केले. खुर्चीसमोर तासन् तास बसला. काही दिसलं नाही. अडकित्ताही कधी वाजला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

आता ती नात चार महिन्यांची आहे. वैभवी तिला मांडीवर घेऊन आजीला दाखवते. आजी हाका मारते, चुटक्या वाजवते. पोरगी आजीकडे पाहतच नाही...

ती आजीच्या खांद्यावरून मागे पाहते.

अन् खुदकन हसते.

मधेच मान कलती करते, काहीतरी ऐकल्यासारखी. थांबून थांबून. ठेका धरल्यासारखी. शिवम उठून दुसऱ्या खोलीत जातो.

तिला कोणी सांगितलेलंच नाही ना.

मावशी अजूनही फोनआधी कुंकू लावते. गाव बोलतं, बोलू दे. तिनं घरातल्या सगळ्यांना शपथ घातली आहे, पोरीसमोर कोणी शब्द काढायचा नाही. पण पोरगी काय अशीच राहणार? उद्या तिला बोलणं समजेल. कोणीतरी फोटो दाखवेल, म्हणेल, हे तुझे आजोबा, ते देवाघरी गेले. त्या दिवसाची मावशीला इतकी धास्ती आहे की नातीचा वाढदिवससुद्धा तिला नको वाटतो.

हे कुठं लिहू नको, असं तिनं मलाही बजावलं होतं. मी ऐकलं नाही. लिहून झालं तेव्हापासून जिवाला चैन नाही.

कारण तुम्ही कधी केनवडवरून गेला असता, तर एका ओट्यावर लाल स्वेटर घातलेला म्हातारा सुपारी कातरताना तुम्हाला दिसला असता. तुम्ही राम राम केला असता, त्यांनी मान हलवली असती.

आता नाही दिसायचे. आता तुम्हालाही माहीत झालं.

चुकलं माझं, मावसाजी.