शरीराला न कळलेली जखम

मिरजेतल्या एका मूत्रपिंड संशोधन केंद्रात डॉ. अभिराम देवस्थळी पाहुण्यांना आपलं शीतकिरण यंत्र दाखवत होते.

"हा लेसर जाळत नाही. इतक्या सूक्ष्म क्षणापुरता पेटतो, की शेजारच्या पेशीला ऊबही लागत नाही. सूज नाही, वेदना नाही." मग मागे उभ्या असलेल्या डॉ. शकुंतला मगदूम यांच्याकडे न वळताच ते म्हणाले, "सुरी चालवणारेही आहेत आमच्याकडे. अश्मयुग जपून ठेवलंय."

पाहुणे हसले.

मूत्रपिंडातली गाठ काढायची, निम्म्या रुग्णांची शीतकिरणानं, निम्म्यांची सुरीनं, अशी तुलना चालू होती. मगदूमबाईंचे रुग्ण कण्हत पडून असत. देवस्थळींचे दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यात फिरत. त्यांतल्या रुक्साना मुजावर, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, हसत घरी गेल्या.

काही आठवड्यांनी त्या तापानं फणफणत परत आल्या. लघवी पोटात झिरपत होती.

"टाका निसटला असेल," देवस्थळी म्हणाले. "एवढं तर सुरीवाल्यांनाही जमेल."

मगदूमबाईंनी पोट उघडलं आणि देवस्थळींना बोलावून घेतलं. विरघळणारे टाके विरघळून गेले होते. मूत्रपिंडावरचा छेद आत्ताच घेतल्यासारखा ताजा होता. एक तंतूही जुळला नव्हता.

"जंतुसंसर्ग?"

"तो नंतरचा. अहो, पेशी फाटते तेव्हा तिच्यातला ऐवज बाहेर सांडतो. शरीराला तीच वर्दी. मग सूज येते, दुखतं आणि जखम भरते. तुमच्या किरणानं कडेची एकही पेशी फाटली नाही. आपल्याला कापलंय, हे या शरीराला माहीतच नाही."

"पण यांना वेदना नव्हती..."

"कारण दुरुस्तीच सुरू झाली नव्हती. तुम्ही त्यालाच यश म्हणत होतात."

त्यांनी सुरीनं छेदाच्या दोन्ही कडा खरवडल्या. रक्त आलं. मग टाके घातले. मुजावरबाई आठवडाभर कण्हल्या आणि बऱ्या झाल्या.

बाकीच्या रुग्णांना देवस्थळींनी स्वतः फोन केले. पुन्हा कापावं लागेल, हे ऐकून कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. एका घरी मुलीनं फोन घेतला.

"बाबांचा तेरावा काल झाला," ती म्हणाली. "तुमचं नाव मात्र शेवटपर्यंत घेत होते. डॉक्टरांनी मला जरासुद्धा दुखू दिलं नाही, म्हणायचे."

वर्षभरानं केंद्राच्या सभागृहात देवस्थळी पुन्हा व्यासपीठावर होते. आवाज तोच.

"सुधारित शीतकिरण! हा कडेच्या पेशी मुद्दाम फाडतो. थोडं रक्त येतं, सूज येते, दुखतं. जखम भरते!"

"निकाल कसे आहेत?" मगदूमबाईंनी विचारलं.

"उत्कृष्ट," देवस्थळी म्हणाले. "जवळजवळ सुरीइतके."

टाळ्या पडू लागल्या. मगदूमबाई उठल्या आणि शस्त्रक्रियागृहाकडे निघाल्या. तिथे रुग्ण वाट पाहत होता.