पुढचं वाक्य

आमच्या नरोलीच्या ख्रिस्ती प्रार्थनेत प्रवचन दोनदा होतं. एकदा भावेश ब्रदरांच्या तोंडून गुजरातीत आणि लगेच माझ्या तोंडून मराठीत.

ब्रदर व्याऱ्याहून येतात. समोर बसलेल्या बायका बहुतेक आमच्यासारख्याच, नवापूर-साक्रीकडून कंपन्यांमध्ये कामाला आलेल्या. बाजारात त्या फाडफाड गुजराती बोलतील, पण शास्त्रातलं काही असलं की त्यांना मराठीच लागतं. म्हणून ब्रदर एक वाक्य बोलून थांबतात आणि शेजारी उभी राहून मी ते मराठीत सांगते. मी अकरावी सायन्सला आहे, यंदा वक्तृत्वात शाळेत पहिली आलेय, आणि माइक हातात आला की मला आवरणं कठीण, हे मीच सांगते.

जागा म्हणजे घरमालकाच्या गच्चीवरची पत्र्याची शेड. दुपारी पत्रा तापून टकटक वाजतो. लाल खुर्च्या, एक ढोलक, आणि सुताच्या तेलाचा वास. तो बायकांच्या कपड्यांतून रविवारीसुद्धा जात नाही.

गेल्या महिन्यात ब्रदरांनी शेवटच्या काळाचा विषय घेतला. दोघी जणी जात्यावर दळत असतील, त्यांतली एक घेतली जाईल आणि एक मागे राहील, ही ती भविष्यवाणी. ब्रदर म्हणाले, आता जातं कुठे राहिलंय? आताचं जातं म्हणजे कंपनी. एका मशीनवर दोघी.

सगळ्यांनी माना वळवून पहिल्या ओळीकडे बघितलं. तिथे माझी आई आणि रजनीमावशी बसतात. सायली गावातल्या सुताच्या कंपनीत दोघी एकाच टेबलावर, जांभळ्या दिव्याखाली कोन, म्हणजे सुताची मोठी रिळं, तपासतात. एकाच ईको गाडीने जातात, एका डब्यात जेवतात.

"मी जाते बाई वर," रजनीमावशी आईला मोठ्याने म्हणाली. "विजे, तू बस कोन मोजत!"

शेड हसून हसून बेजार.

चहाच्या वेळी मी मुद्दा काढला. "ब्रदर, तिथेच आधी नोहाच्या पुराचं आहे ना? पुरात कोण नेले गेले? बुडाले ते. जे वाचले ते मागेच राहिले. मग घेतलं जाणं चांगलं कसं?"

ब्रदरांनी बशी खाली ठेवली. "आ छोकरी तो पाळक थवानी," ते म्हणाले. ही पोरगी तर धर्मगुरू होणार, असं म्हणत त्यांनी बशी पुन्हा उचलली.

"अगं बया," रजनीमावशी म्हणाली, "मग मी नाही जात. विजे, तूच जा."

"जाईन की. तिथे सुपरवायझर तर नसेल." आई हसली, आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. "पुरे गं तुझं आता."

पुढच्या रविवारी तोच विषय. मी रंगात आले होते. ब्रदरांचं वाक्य संपायच्या आतच माझं मराठी सुरू व्हायचं. त्यात विशेष काही नाही. ते तेच तेच बोलतात, शेवटचे दोन शब्द कुणालाही ओळखता येतील.

मग मी सांगितलं, "आज सकाळी आमच्या घरी गॅस संपला, तेव्हा बायकोने अंगणात तीन विटा मांडून भाकऱ्या भाजल्या." बायका हसल्या. हसणं ओसरल्यावर ब्रदर तेच वाक्य गुजरातीत बोलले, माझ्यानंतर. विटांसकट.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते, शांत, घाम पुसत. बायका माझ्याकडे बघत होत्या. ब्रदरांकडे कुणीच बघत नव्हतं.

मी थांबायला हवं होतं. पण वाक्यं येतच होती, सरळ, व्याकरणशुद्ध, पाठ केल्यासारखी. मी बोलायचे, मग ते.

"उद्या दोघी कामावर जातील," मी म्हणाले. "एकाच गाडीतून उतरतील. त्यांतली जी घेतली जाईल तिचं नाव..."

आणि मी तोंड मिटलं.

नाव जिभेवर होतं. ते कुणाचं होतं हे मी इथेही लिहिणार नाही.

पत्रा टकटक वाजत होता. ब्रदरांचं तोंड अर्धवट उघडं होतं. ते माझी वाट बघत होते.

"पछी?" त्यांनी हळूच विचारलं. मग काय? मला विचारत होते ते!

मी माइक खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरून गेले.

सोमवारी आई आणि मावशी दोघी गेल्या आणि दोघी परत आल्या. संध्याकाळी आईने कणीक मळता मळता विचारलं, "ते काल अर्धंच राहिलं ना गं?"

"घसा बसला होता."

"हं," ती म्हणाली. "पुढचं ऐकायचं होतं."

मी ब्रदरांना सांगितलं, आता मला जमणार नाही. माइक श्रुतीकडे गेला. श्रुती रजनीमावशीची मुलगी, माझ्याच वर्गातली.

"घसा बसलाय की भाव खातेयस?" ती म्हणाली.

"श्रुती, एक ऐक. ब्रदरांचं बोलून झाल्याशिवाय बोलू नकोस. प्लीज."

"तू नाही का त्यांच्यापुढे पळायचीस? आता मला शिकवते!"

पहिल्या रविवारी ती सारखी अडखळली. मला इतकं बरं वाटलं की मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रविवारी ती नीट बोलली, ब्रदरांच्या मागून. मी आईच्या मागच्या खुर्चीत बसून दोघांचे ओठ बघत होते.

आज ती छान बोलत होती. मोकळी, हसरी. एक हात हलवत, अगदी माझ्यासारखा.

मग बायका हसल्या, आणि त्यानंतर ब्रदर बोलले.

मी उठले. "श्रुती!"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"उद्या दोघी कामावर जातील," ती म्हणाली. "एकाच गाडीतून उतरतील."

ब्रदरांचे ओठ मिटलेले होते.

मी खुर्च्यांमधून वाट काढत निघाले. ढोलक पायात आलं.

"त्यांतली जी घेतली जाईल तिचं नाव..."

श्रुतीने श्वास घेतला. नाव अजून उच्चारलं गेलं नव्हतं.

पहिल्या ओळीत आईने रजनीमावशीच्या हातातला आपला हात सोडवला, पदर सारखा केला आणि ती उभी राहिली. हजेरीला नाव घेतलं की उठतात तशी.