रेड्याची पुढची चाकं

ए ओजस, आधी सगळं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. तुला काय बोलायचंय ते नंतर बोल, खुशाल बोल.

तू इथं माथावस्तीतच जन्मलास, त्यामुळे आमची तळवस्ती तू पाहिलेलीच नाहीस. विवराच्या (उल्का आदळून पडलेल्या प्रचंड खड्ड्याच्या) अगदी तळाशी आमचा घुमट होता. तिथलं हवा शुद्ध करणारं यंत्र बिघडलं. बाकीची माणसं छोट्या गाड्यांतून आधीच वर आली होती आणि खाली राहिलो होतो आम्ही तिघंच. मी, बाबा आणि कुंदाआत्या. हां, आणि मोजू, आमचा यंत्रमानव.

बाबा मागे का राहिले माहितेय? मातीसाठी. मंगळावर धूळ आहे, माती नाही. माती जिवंत असते, तिच्यात गांडुळं असतात, जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) असतात. बाबांनी धुळीत पालापाचोळा, आमचंच मलमूत्र, सगळं कालवून कालवून माझ्या जन्माच्या आधीपासून ती माती केली होती. सगळ्या मंगळावर तशी माती आमच्याकडेच.

आमच्याकडे मोठे ट्रक दोन. एक बैल, एक रेडा. दोन्ही खाणीतले. बाबांनी दोघांच्या मागे उबदार पेटी जोडली, मागच्या चाकांच्याही पलीकडे लांबवून. टपावर पाण्याच्या टाक्या चढवल्या. तुला गंमत सांगू का, इथं जमिनीची ओढ पृथ्वीच्या निम्म्याहून कमी, म्हणून चाळीस किलोचं पोतं मीसुद्धा खांद्यावर टाकते. त्यामुळे आमच्यात कुणालाच काही जड वाटत नाही! जागा दिसली की चढव तिथं.

बैल घेऊन बाबा एकटेच निघाले, अर्धी माती घेऊन. घाटातल्या दुसऱ्या वळणावर बैलाची पुढची चाकं वर उचलली गेली आणि तो सरळ मागे, पाठीवर उलटला. बाबांचा पाय मोडला. माती बाहेर सांडली आणि गोठून दगड झाली, बघता बघता. आत्यानं बाबांना ओढून परत आणलं. नंतर बाबा पडल्या पडल्या एकच बोलायचे, "वजन बरोबर होतं गं कुंदे. मर्यादेत होतं. मग उलटला का?"

आणि वजन खरंच मर्यादेत होतं रे!

मग रेडा भरला. मोजूनं नेहमीसारखं सांगितलं, "एकूण वजन पाच हजार किलो. मर्यादा पाच हजार किलो. प्रवास सुखाचा होवो."

आत्या म्हणाली, "बैलाच्या वेळीपण हेच म्हणालास ना रे मुडद्या?"

"हो. शब्दशः."

"म्हणजे तुझं बरोबर आणि आमचा ट्रक आडवा. मृणू, तो बर्फाची पोती जोखायचा काटा आण."

मला हसूच आलं. एवढासा काटा, त्यावर ट्रक कसा चढणार? आत्या म्हणाली, "ट्रक नाही गं, चाक. एका वेळी एकच."

मग आम्ही एकेक चाक काट्यावर घेतलं. बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्याच जाडीच्या फळ्या घातल्या, नाहीतर एक चाक उंच होतं आणि आकडा खोटा येतो. पुढची दोन मिळून बाराशे. मागची दोन मिळून अडतीसशे. बेरीज पाच हजार, म्हणजे मोजू खोटं बोलत नव्हता. पण वाटणी बघ ना! पुढे एक हिस्सा तर मागे तिप्पट.

"पण आत्या, मागे तर थोडंच ठेवलंय," मी म्हटलं.

तिनं टेबलावर पाना ठेवला, शेपूट कडेच्या बाहेर. बाहेरच्या टोकावर बोट दाबलं तर आतलं टोक टुणकन वर! "मागचं चाक म्हणजे ही टेबलाची कड. तुझ्या बापाची पेटी कडेच्या बाहेर आहे. तिथलं पोतं मागे तर दाबतंच, वर पुढचं उचलतंपण."

मी म्हटलं, "पण मंगळावर ओढच कमी, मग उलटायची भीतीपण कमी ना?"

"ओढ कमी झाली ती पुढच्यालाही आणि मागच्यालाही. वाटणी तीच राहिली ना बाई."

मग तिनं काय केलं, पुढची चाकं दुरुस्तीच्या ओट्यावर चढवली, घाटाचा चढ असतो तेवढीच तिरकी. मागची चाकं पुन्हा जोखली. सेहेचाळीसशे! अरे, एक पोतंसुद्धा वाढवलं नव्हतं आम्ही. मग आठशे किलो आले कुठून?

पुढच्या चाकांवरून! टपावरच्या टाक्यांमुळे रेड्याचा गुरुत्वमध्य (जिथं सगळं वजन एकवटलंय असं धरता येतं ती जागा) उंच गेला होता. उंच माणूस मागे रेलला की कसा लगेच तोल जातो, तसंच. चढावर तो बिंदू मागे सरकतो आणि वजन मागच्या चाकांवर जातं. पुढे उरले फक्त चारशे. एक खड्डा आला की चाकं हवेत.

बाबा पलंगावरून सगळं ऐकत होते. ती पेटी त्यांनीच जोडली होती ना.

आत्या म्हणाली, "चढावर पुढे चौथा हिस्सा तरी हवा. साडेबाराशे." टाक्या टपावरून खाली घेतल्या. पुरेना. मी म्हटलं पुढे दगड बांधू, तर एकूण वजन मर्यादेबाहेर. मग मातीची बारा पोती पेटीतून काढून ट्रकच्या नाकावर, पुढच्या लोखंडी जाळीवर बांधून बघितली. अर्धी बांधली तर नऊशे साडेनऊशे. सगळी बांधली तेव्हा कुठं साडेबाराशे, काठावर.

पण जाळी उघड्यावर रे. तिथं माती गोठणार. गांडुळं मरणार.

बाबा म्हणाले, "माती इथंच ठेवा. तिच्याऐवजी तेवढेच दगड बांधा पुढे. घुमटाची ऊब अजून काही आठवडे टिकेल. माणसांना हवा पुरणार नाही, गांडुळांना पुरेल. कुणीतरी परत येईल न्यायला."

"कोण येईल दादा? वर्षभर हाका मारतोय आपण. आलं कुणी? बैल उलटलेला बघून कोण उतरणार या घाटात?"

"येईल."

"नाही येणार. गोठलेली का होईना, आपल्याबरोबर राहील."

"गोठलेली माती म्हणजे धूळ, कुंदे!"

भांडण चाललं, चाललं, आणि मग बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मृणूला विचार. ती म्हणेल ते."

मला! मला अकरावं लागलं होतं नुकतं. मी मोजूकडे बघितलं, तर तो म्हणतो, "दोन्ही पर्यायांत वजन सारखंच."

मी म्हटलं, पुढे बांधूया.

बाबांनी फक्त एक छोटी पिशवी भरून घेतली आणि पोटाशी धरून केबिनमध्ये आडवे झाले. आम्ही निघालो. काचेतून समोर पोतीच पोती दिसत होती. आधी त्यांच्यावर पांढरं चढलं, मग ती ताठ झाली, मग हिसका बसला की एकमेकांवर दगडासारखी खटखट वाजायला लागली. बाबा डोळे मिटून होते, पण ऐकू तर येतच होतं ना. दुसऱ्या वळणावर, बैल पडलाय तिथंच, पुढची चाकं उचलली. वीतभर. आत्यानं ट्रकचा वेग उतरवला. चाकं परत टेकली. काटा खरा ठरला.

वर आलो, जगलो. आत्यानं इथल्या सगळ्या चालकांना एकेक चाक जोखायला शिकवलं. वाटणी कळल्यावर घाटाची भीतीच गेली त्यांची. आणि मग, ऐक ना, मग ते खाली गेले. आमचं बिघडलेलं यंत्र आणायला. आम्ही आल्यावर नऊ-दहा दिवसांतच.

परत आल्यावर जेवताना त्या चालकांपैकी दामलेकाका सहज बोलून गेले, "काय मस्त घुमट होता हो तुमचा! आत अजून ऊब होती. आम्ही हवेच्या टोप्या काढून बसलो जरा."

बाबांचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आता ती बारा पोती इथल्या वाफ्यात पसरलीत. नुसती धूळ. बाबांनी पिशवीतली माती तिच्यात कालवलीय, दुधाला विरजण लावतात तशी. जिवाणू पसरतात म्हणे, चमचाभर असले तरी. आत्या म्हणते की वर्षं लागतील, पण होईल. बाबा काठी टेकत येतात, वाफ्यात बोट घालून बघतात आणि जातात. मीपण घालते बोट, ते गेल्यावर. अजून थंडच लागतं.

आपण शिकवलं नसतं तर ते खाली गेलेच नसते, असं आत्या मला दर वेळी समजावते. ते मला कळतं रे. पण आम्ही शिकवणार होतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं की नको?

तू सांग ना ओजस. खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. तिथं माझ्या जागी तू असतास, तर तू काय केलं असतंस?