कवळी ओळख पटवून न्यावी

कलादालनाच्या उघड्या दारातून हसण्याचा असा काही लोंढा बाहेर आला, की जेवणाच्या सुट्टीत ताईबरोबर निघालेली ती सहज आत डोकावली... आणि जागीच थिजली. भिंतीवर, काचेच्या चौकटीत, चक्क तिचं अक्षर होतं.

‘विसरलेली कवळी ओळख पटवून न्यावी.’

शेजारी दुसरी चौकट — ‘दुखायचं थांबलं म्हणून दारातून परत फिरू नये. आम्ही खिडकीतून बघतो.’

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर ती बसायची. दारावर सूचना चिकटवायची आणि त्या नाहीशा व्हायच्या. कोण नेतं, तेही तिला ठाऊक होतं. दाढ भरून झाली तरी ‘जरा ठणकतंय’ म्हणत येणारा तो उंच पेशंट! तिसऱ्या वेळी काचेतून तिने पाहिलं होतं त्याला — नखाने, अगदी हळुवार, चिकटपट्टी सोडवताना.  त्याला हटकायचं सोडून त्यानंतरची प्रत्येक सूचना तिने दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिली.

आणि इथे लोक पोट धरून हसत होते. चौकटींखाली छापलं होतं, ‘सापडलेला मजकूर. लेखक अज्ञात.’

लोकांना आवडलंय गं, असं ताई कुजबुजली. पण ही दाराकडे वळली. म्हणजे तो जपून ठेवत नव्हता... हसायला नेत होता.

तेवढ्यात तोच समोर आला, छातीवर ‘चित्रकार’ असा बिल्ला. कानापर्यंत लाल झालेला.

“अज्ञात?” ती म्हणाली. “दर खेपेला ‘नाव सांगा’ म्हणून मीच विचारते ना तुम्हाला?”

“तुम्ही माझं विचारता. तुमचं विचारायचा... धीरच झाला नाही.”

तुम्ही म्हणाल तर आत्ता सगळ्या उतरवतो, असं म्हणून त्याने पहिल्या चौकटीला हातही घातला. तिची नजर मात्र भिंतीवरून फिरत होती. एक सूचना दिसत नव्हती. तिने विचारलं, तशी त्याने खिशातून पाकीट काढलं. आत घडी घातलेला कागद — ‘आज मला ताप आहे. ओरडायचं असल्यास उद्या यावं.’

“ही का नाही लावली?”

“त्या दिवशी ही चिकटवून तुम्ही घरी गेला होतात, टेबलावर नव्हतात,” तो हळूच म्हणाला. “मला हसूच आलं नाही.”

ताई एकाएकी पलीकडची चित्रं फार लक्ष देऊन बघू लागली.

हिने त्याच्या खिशातलं पेन ओढलं, ‘अज्ञात’वर काट मारून आपलं नाव लिहिलं. मग तो घडीचा कागद उलटा करून पाठीमागे फोन नंबर.

“ही भिंतीवर लावायची असेल, तर आधी फोन करून विचारायचं.”

“आणि... लावायची नसेल तर?”

“तरीही.”